पाव टनाचा ट्रक, विकणे आहे

मार्चमध्ये गावी गेलो तेव्हा तात्यांनी चहाच्या आधीच माझ्या हातात फोन दिला. "हे जरा नीट लिहून दे. तू कंप्युटरवाला हाईस, तुला जमंल."

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. फोनवर त्यांनीच एका बोटानं टाइप केलेली जाहिरात होती: '१९४४ विलीज जीप. दुसऱ्या महायुद्धातली ओरिजिनल. फोर बाय फोर. डिझेल. पॉवर स्टीअरिंग. नवीन टायर. म्युझिक सिस्टीम. कागद क्लिअर. साडेआठ लाख. शौकीन लोकांनीच फोन करावा.'

जाहिरात टाकून तीन दिवस झाले होते आणि पुण्याच्या एका शौकिनानं पंचवीस हजार इसारही पाठवला होता. त्याला गाडीचा इतिहास हवा होता. एक पानभर, फ्रेम करून लावता येईल असा. तो लिहायचं काम माझ्याकडे आलं.

आमच्या घरात या जीपचा इतिहास सगळ्यांना पाठ आहे. आबांचे, म्हणजे माझ्या आजोबांचे थोरले भाऊ लढाईत भरती होऊन बर्माला गेले आणि परत आले नाहीत. सातारा जिल्ह्यात ही काही विशेष गोष्ट नाही. आमच्याकडे अपशिंगे नावाच्या गावाला लोक सरळ 'मिलिटरी अपशिंगे' म्हणतात, आणि इतर गावांतही घराघरात भिंतीवर एक तरी फोटो असतोच. तर पुढे १९७४ साली आबांनी लिलावातून एक जीप घेतली आणि घरी आणून म्हणाले, "ही बर्माला जाऊन आलीय." बस. त्यानंतर ते वाक्य कुणी तपासलं नाही. दसऱ्याला जीपची पूजा व्हायची तेव्हा थोरल्या आजोबांचा फोटो बॉनेटवर ठेवला जायचा.

मी कोड लिहितो. कुणी सांगितलं की अमुक डेटा बरोबर आहे, तर माझा हात आपोआप तो तपासायला जातो. त्या सवयीनं घात केला.

आधी मूळ गाडीबद्दल सांगतो, कारण ती गोष्ट मला त्या आठवड्यात वाचायला मिळाली आणि दोन रात्री झोप लागली नाही.

जीप हे तिचं पाळण्यातलं नाव नाही. अमेरिकन सैन्याच्या कागदावर ती 'ट्रक' होती. पाव टन, फोर बाय फोर. पाव टन म्हणजे तिनं वाहायचं ओझं. जुलै १९४० मध्ये सैन्यानं १३५ कंपन्यांना पत्रं पाठवली: आम्हाला अशी हलकी गाडी हवी, चारही चाकं इंजिनाला जोडलेली, वजन १,३०० पौंडांच्या आत, म्हणजे जेमतेम ५९० किलो, आणि पहिला नमुना ४९ दिवसांत. आमच्या ऑफिसात क्लायंट असं बोलतो तेव्हा आम्ही म्यूट करून हसतो. तिथेही बहुतेकांनी पत्र बाजूला ठेवलं असणार. दोनच कंपन्यांनी मनावर घेतलं: बँटम आणि विलीज-ओव्हरलँड.

बँटम ही पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावची, दिवाळं निघण्याच्या बेतात असलेली कंपनी. तिच्याकडे स्वतःचा डिझाइन इंजिनिअरसुद्धा उरला नव्हता. त्यांनी कार्ल प्रॉब्स्ट नावाच्या बाहेरच्या माणसाला बोलावलं. त्यानं दोन-तीन दिवसांत आराखडे काढले, आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी, मुदत संपायला अर्धा तास उरला असताना, गाडी स्वतः चालवत मेरीलँडमधल्या हॉलाबर्ड छावणीत आणली. गाडी ठरलेल्या वजनापेक्षा कितीतरी जड होती, पण चालून दाखवल्यावर वजनाचा आकडाच बदलला गेला.

पुढं जे झालं ते वाचून माझा जीव थोडा तळमळला. सैन्यानं बँटमचे आराखडे विलीज आणि फोर्डला दाखवले. बँटम इतक्या गाड्या बनवू शकेल यावर त्यांचा विश्वास नव्हता. विलीजच्या बार्नी रूसकडे ६० अश्वशक्तीचं एक दणकट इंजिन होतं, पण गाडी वजनात बसत नव्हती. त्यानं गाडी पूर्ण सुटी केली आणि एकेक भाग तोलला. बोल्ट नटाच्या बाहेर जास्त येत असेल तर तेवढा कापला. रंगाचा एकच हात दिला. १९४१ च्या उन्हाळ्यात विलीजनं नगामागे सुमारे ७३९ डॉलर भाव लावून ऑर्डर जिंकली. लढाई संपेपर्यंत विलीजनं साधारण ३ लाख ६० हजार आणि फोर्डनं त्याच नकाशावर २ लाख ८० हजारांच्या आसपास जीप काढल्या. ज्या बँटमनं पहिली गाडी केली तिच्या वाट्याला तीन हजारसुद्धा आल्या नाहीत. त्यांना मागे जोडायचे ट्रेलर बनवायचं काम मिळालं.

'जीप आम्ही जन्माला घातली' अशी जाहिरात विलीजनं लढाईच्या काळात सुरू केली. त्यावर तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं १९४३ मध्ये हरकत घेतली आणि १९४८ मध्ये, हा दावा खोटा आहे, असा निकाल दिला. तरीही १९५० मध्ये 'जीप' हा ट्रेडमार्क विलीजलाच मिळाला. म्हणजे जीपच्या जाहिरातीत इतिहास वाढवून सांगायची सुरुवात तात्यांनी केलेली नाही.

आता इंजिनिअरिंगचा एक परिच्छेद, नको असेल तर सोडून पुढे जा. मागची दोन चाकं इंजिनानं फिरवणं सोपं आहे, ती वळत नाहीत. पुढची चाकं फिरवायचीही आणि वळवायचीही, इथं गोची होते. साधा क्रॉसचा जॉइंट वाकवला की त्यातून जाणारी गती एकसारखी राहत नाही, प्रत्येक फेऱ्यात ती दोनदा वाढते, दोनदा कमी होते, आणि चाक थडथडतं. त्यासाठी वाकूनही एकाच गतीनं फिरणारे खास जॉइंट लागतात. लढाईच्या काळात ते बनवू शकणारे कारखाने इतके कमी होते की तीन निरनिराळ्या पद्धतींचे जॉइंट वापरावे लागले. गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक छोटी पेटी असते, तिच्यातून ताकद पुढे आणि मागे वाटली जाते, आणि एका दांड्यानं ती हळू पण जोरकस करता येते. पुढच्या-मागच्या धुरांमध्ये फरक सांभाळणारी सोय मात्र नाही. त्यामुळे फोर बाय फोर टाकून डांबरी रस्त्यावर गाडी वळवली की ती आखडते, कण्हते. चिखलात चाक थोडं घसरतं आणि तिला बरं वाटतं. आमच्याकडे नांगरटीच्या वावरात पावसाळ्यात ट्रॅक्टर रुतला की तात्या जीप लावायचे आणि म्हणायचे, "डांबरावर रडती, चिखलात हसती." हे वाक्य मला लहानपणी विनोद वाटायचं. तो अचूक तांत्रिक तपशील होता.

या गाड्या बर्मात खरोखर होत्या, भरपूर होत्या. आसामातल्या लेडोपासून चीनच्या कुनमिंगपर्यंत जो रस्ता डोंगर फोडून काढला त्याची लांबी १,७०० किलोमीटरच्या वर. १२ जानेवारी १९४५ ला पहिला ताफा लेडोहून निघाला आणि ४ फेब्रुवारीला कुनमिंगला पोचला. जिथं रस्ताच नव्हता तिथं जीपची टायरं काढून लोखंडी चाकं बसवली आणि तिला रेल्वेच्या रुळांवर इंजिन म्हणून जुंपलं. हे फोटो पाहताना मी दरवेळी ड्रायव्हरच्या शेजारचे चेहरे मोठे करून बघत होतो. काय शोधत होतो ते तुम्हाला कळलंच असेल.

मग लढाई संपली आणि प्रश्न आला, एवढ्या सामानाचं करायचं काय? अमेरिकेला ते परत न्यायचं नव्हतं. गाड्या, विमानं, टायर, तंबू, सगळं भारतातल्या तळांवर पडलेलं होतं, ते हळूहळू लिलावात निघालं. त्या लिलावांची एक गंमत कायद्याच्या पुस्तकात अडकून राहिली आहे. बंगालमधल्या पानागढला विमानांचं भंगार पडलं होतं. १९४६ मध्ये टाटा एअरक्राफ्ट कंपनीकडून ते दहा लाखांना घ्यायचा सौदा हनुमान कॉटन मिल्सनं केला आणि चौथाई रक्कम, अडीच लाख, आगाऊ भरली. उरलेले पैसे भरले नाहीत. टाटांनी अडीच लाख जप्त केले. भांडण १९६९ साली सर्वोच्च न्यायालयात संपलं: ही रक्कम इसार आहे, घेणाऱ्यानं शब्द मोडला तर ती बुडते. वकिलीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला इसार शिकवताना आजही हाच खटला सांगतात. माझी एक मैत्रीण वकील आहे, तिनं मला हे फोनवर सांगितलं आणि वर विचारलं, "पण घेणाऱ्यानं नाही, विकणाऱ्यानंच खोटं सांगितलं असेल तर काय, हे तुला विचारायचंय ना?"

हो, तेच विचारायचं होतं. कारण तोवर मी जीपखाली जाऊन आलो होतो.

जुन्या जीप ओळखायची एक विद्या आहे. जगभरचे शौकीन ती फार मनापासून जपतात. समोर गुडघे टेकून बसायचं आणि बंपरमागचा, चासीचा पहिला आडवा दांडा बघायचा. तो गोल नळी असेल तर विलीज, चौकोनी पन्हळीसारखा असेल तर फोर्ड. हेन्री फोर्डच्या कंपनीला आपला माल ओळखू यावा याची इतकी हौस की बोल्टच्या डोक्यावरसुद्धा बारीक 'एफ' कोरलेला सापडतो. लढाईतल्या गाडीला मागे उघडणारं फळकूट नसतं, ते १९४५ नंतर शेतकऱ्यांसाठी काढलेल्या मॉडेलला आलं. समोरची काच दोन तुकड्यांत असते. पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते, म्हणजे माणूस पेट्रोलवर बसून लढाईला जायचा. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट: हेडलाइट बिजागरीवर बसवलेले असतात. रात्री इंजिन बिघडलं की बॉनेट उघडायचं, लाइट मागे उलटा करायचा आणि त्याच उजेडात काम करायचं. हे ज्यानं सुचवलं त्यानं स्वतः कधीतरी अंधारात हात काळे केले असणार.

आमच्या गाडीत यातलं काही नाही. पण खरं सांगायचं तर इतकं खाली वाकायची गरजच नव्हती. उभ्या उभ्याच कळायला हवं होतं. आमच्या गाडीचं बॉनेट उंच आहे.

लढाईनंतर विलीजनं इंजिन सुधारलं. हवा आत घेणाऱ्या झडपा सिलिंडरच्या बाजूला होत्या त्या वर, हेडमध्ये नेल्या. ताकद ६० वरून ७० च्या पुढे गेली, पण इंजिन उंच झालं आणि जुन्या ठेंगण्या बॉनेटखाली मावेना. मग त्यांनी बॉनेट आणि समोरची जाळी सरळ वर उचलली. गाडी जरा बावळट, कपाळ मोठं असलेली दिसायला लागली. हे मॉडेल अमेरिकेत १९५३ साली आलं. नाव सीजे-थ्रीबी. मुंबईत महिंद्रांनी हेच मॉडेल उचललं आणि पुढची कित्येक वर्षं बनवलं. आपल्याकडचे गॅरेजवाले जीपच्या दोनच जाती मानतात, लो बॉनेट आणि हाय बॉनेट. हाय बॉनेट असेल तर ती १९४४ ची असू शकत नाही. विषय संपला.

महिंद्रांची गोष्टही एकदा बघायला हवी, कारण आमची गाडी त्या घराण्यातली निघाली. १९४५ मध्ये जगदीशचंद्र आणि कैलासचंद्र हे दोन महिंद्रा भाऊ आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी मिळून कंपनी काढली तेव्हा तिचं नाव महिंद्रा अँड मोहम्मद होतं आणि धंदा पोलादाचा. फाळणीत गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ मध्ये पाटीवर महिंद्रा अँड महिंद्रा आलं. मुंबईत माझगावला अमेरिकेहून सुट्या भागांच्या पेट्या उतरवायच्या आणि जीप जोडायच्या, अशी सुरुवात झाली. मग कांदिवलीला कारखाना आला. बऱ्याच वर्षांपर्यंत या गाड्यांचं स्टीअरिंग डावीकडंच होतं, अमेरिकेत होतं तसं. जुन्या जीपच्या पाठीवर 'लेफ्ट हँड ड्राइव्ह' असं मोठ्या अक्षरांत रंगवलेलं असायचं, तुमच्या आईवडिलांना विचारा.

त्याच काळात सरकार मात्र सेकंडहँड जीपच्या नादानं फसत होतं. १९४८, काश्मीरची लढाई चालू, सैन्याला जीप हव्यात. लंडनमधले आपले हायकमिशनर कृष्ण मेनन यांनी नेहमीची पद्धत बाजूला ठेवून एका परदेशी कंपनीशी करार केला. दुरुस्त केलेल्या जुन्या जीप मिळणार होत्या. ८० लाखांचा व्यवहार, पैसे बरेचसे आधीच दिलेले, आणि आल्या १५५ गाड्या. त्याही सैन्यानं नापास केल्या. स्वतंत्र भारतातला पहिला मोठा घोटाळा म्हणून शाळेच्या स्पर्धापरीक्षांपर्यंत तो पोचला आहे. १९५५ मध्ये सरकारनं प्रकरण बंद केलं, आणि दोन वर्षांनी मेनन संरक्षणमंत्री झाले. त्यांच्याच कारकिर्दीत जबलपूरला शक्तिमान ट्रक बनायला लागले, जपानच्या निसानशी करार झाला, आणि त्यातून पुढं सैन्याची ती प्रसिद्ध जोंगा आली, जी १९९९ पर्यंत निघत होती. बाहेरून जुन्या गाड्या घेताना हात पोळलेल्या माणसानं देशातच गाड्या बनवायचा हट्ट धरला, असं मला वाटतं. इतिहासकार हसतील. हसू देत.

आमची गाडी या सगळ्यात कुठं? आरसी बुकात पहिली नोंदणी १९६८ ची, एका सरकारी खात्याच्या नावानं. आबांचं म्हणणं होतं की आधी सैन्यात होती, मग सरकारकडं आली, म्हणून नोंद उशिराची. ऐकायला पटतं. पण चासीचा नंबर आणि बॉनेट दोघंही वेगळं सांगत होते. ती साठीच्या दशकात कांदिवलीहून निघाली, कुठल्यातरी साहेबाला घेऊन आमच्याच जिल्ह्यातले डोंगर फिरली, बहुतेक बहात्तरच्या दुष्काळात कामांची पाहणी करत धुरळ्यातून गेली आणि १९७४ मध्ये लिलावात आली. बर्मा तर सोडाच, ती बहुधा पंढरपूरच्या पलीकडं गेली नसेल.

आणि आल्यापासून ती एकदाही जशीच्या तशी राहिली नाही. १९७३ नंतर पेट्रोल भडकलं होतं. लिटरला सात-आठ किलोमीटर देणारी गाडी शेतकऱ्याला कशी परवडणार? आधी आबांनी ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन बसवून बघितलं, त्याच्या थरथरीनं आरसे गळून पडायचे. मग ऐंशीच्या दशकात महिंद्रांच्या नव्या जीपमध्ये फ्रेंच प्यूजो कंपनीच्या परवान्यानं केलेलं डिझेल इंजिन यायला लागलं, तसलं एक अपघातातल्या गाडीचं मिळालं, ते बसलं. आरटीओत त्याची नोंद आबांनी रीतसर करून घेतली, हे त्यांचं कौतुक. मागचा भाग कापून लांब केला, समोरासमोर बाकं टाकली आणि जीप वडापला लागली.

वडाप हा शब्द पुण्याच्या अलीकडच्या वाचकांना सांगावा लागेल. एसटी जिथं दिवसातून दोनदा येते तिथं माणसांनी भरल्याशिवाय न हलणारी जी गाडी असते ते वडाप. नऊ जणांच्या गाडीत वीस, टपावर गाठोडी, मागच्या फळीवर लोंबकळणारे तिघं. बेकायदा, धोकादायक, आणि तालुक्याच्या कॉलेजात जायचा एकमेव मार्ग. माझी आत्या याच जीपच्या पुढच्या सीटवर बसून कॉलेजला गेली. माझा बाप तात्यांच्या शेजारी क्लीनर होता, त्याच पैशांवर शिकला, आणि मी त्याच्या पगारावर इंजिनिअर झालो. एका रात्री गावातली एक बाई अडली होती, दवाखान्याच्या वाटेवरच या जीपमध्ये बाळंत झाली. तो मुलगा आता तालुक्यात मोबाइलचं दुकान चालवतो आणि तात्यांचा रिचार्ज फुकट करतो. पुढं पिवळ्या पाटीच्या ट्रॅक्स आणि नव्या गाड्या आल्या, वडाप बंद झालं. २०१५ च्या सुमाराला माझ्या चुलतभावाच्या डोक्यात शौक शिरला. लांब केलेला भाग परत कापला, रुंद टायर, पॉवर स्टीअरिंग, सैन्याच्या हिरव्या रंगाचा फवारा, बॉनेटवर पांढरा तारा. अमेरिकन तारा. ज्या गाडीनं अमेरिका पाहिली नाही तिच्यावर.

हरियाणातल्या मंडी डबवालीला असल्या जीप बनवून देणाऱ्यांचा बाजारच आहे. एकाची चासी, दुसऱ्याचं इंजिन, नवा पत्रा, हवी तशी गाडी. मी आधी त्याला नाकं मुरडायचो. आता वाटतं, फरक काय? भाग तोलून बोल्ट कापणारा बार्नी रूस, रुळांवर जीप घालणारा बर्मातला अनाम मेकॅनिक आणि डबवालीचा वेल्डर एकाच बिरादरीतले आहेत.

कायद्याला मात्र हे मान्य नाही. २०२१ पासून भारतात 'व्हिंटेज' गाडीची व्याख्या आहे: पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, आणि चासी, बॉडी, इंजिनात मोठे बदल नसलेली. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं, आणि रोजच्या वापराला बंदी. म्हणजे 'कस्टमाइज्ड व्हिंटेज' असं काही कायद्यात असूच शकत नाही. आमच्या गाडीचं वय बसतं, बाकी काहीच बसत नाही.

हे सगळं मी तात्यांना एका संध्याकाळी ओट्यावर सांगितलं. ते ऐकत होते. मध्येच गुडघ्यावरून हात फिरवत होते. ते पैसे त्या गुडघ्यांसाठी हवे होते, दोन्ही बदलायचेत.

"मग किती सालची म्हणायची?"

"पासष्ट-सहासष्ट असंल तात्या. महिंद्राची."

"बर्मा?"

मी काही बोललो नाही.

चुलतभाऊ भडकला. त्यानं गॅरेजवाल्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. गॅरेजवाला म्हणाला, "त्यात काय, साठ-सत्तर हजारात लो बॉनेटची नवीन बॉडी टाकून देतो, पुढं दोन भागांची काच. आरसी बुकात विलीज लिहिलंयच. पुण्याचा माणूस खाली वाकून बघणाराय व्हय?" आरसी बुकात खरंच 'विलीज जीप' लिहिलेलं आहे, कारण त्या काळी सगळ्याच जीपना तसं लिहायचे. म्हणजे कागद आमच्या बाजूनं होता. बॉनेट तेवढं विरोधात होतं आणि बॉनेट बदलता येत होतं. साठ हजार घालून तीन-चार लाख जास्त मिळणार होते. मी खोटं का बोलू नये याचं उत्तर मला त्या क्षणी पटकन सापडलं नाही, हे कबूल करतो. ऑपरेशनचा खर्च मी देतो म्हणालो. त्यावर तात्या पहिल्यांदा चिडले. "तुझ्या पैशानं गुडघं बसवून घ्यायचं असतं तर जीप इकायला काढली असती का?"

मग बराच वेळ कुणी बोललं नाही. आत आजी टीव्ही बघत होती. तिचं वय आता नव्वदीच्या घरात. ती आवाज कमी करून म्हणाली, "बर्मातली न्हाई ती. तुझ्या आज्याला ठाव होतं."

लिलावाच्या दिवशी आबांबरोबर ती गेली होती. तिथल्या कारकुनानं गाडी कुठल्या सालची ते वाचून दाखवलं होतं. परत येताना आबा वाटेत थांबले, आणि गाडीकडं बघत म्हणाले की आई विचारेल, एवढे पैसे कशात घातले. थोरल्याचं घरी काही आलं नव्हतं. पत्र नाही, पेटी नाही, नुसती तार. पणजी तेव्हा हयात होती. तिला सांगितलं, ही त्याच्याकडची गाडी आहे. ती रोज सकाळी उठून बॉनेटवरून हात फिरवायची, मरेपर्यंत.

"सासूबाई गेल्यावर सांगायचं ऱ्हाऊन गेलं," आजी म्हणाली आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

दुसऱ्या दिवशी तात्यांनीच मला पुण्याला फोन लावायला सांगितला. मी सगळं सांगितलं, बॉनेट, साल, इंजिन, तारा. समोरचा माणूस सभ्य होता. म्हणाला, मला विलीजच हवी होती. इसाराचे पंचवीस हजार त्याच संध्याकाळी परत पाठवले.

आता जाहिरात अशी आहे: 'महिंद्रा सीजे-थ्रीबी, हाय बॉनेट, साठीच्या दशकातली, नोंदणी १९६८. प्यूजो डिझेल इंजिन, आरसीत नोंद आहे. फोर बाय फोर चालू. बॉडी दोनदा कापलेली. व्हिंटेज नोंदणी होणार नाही. साडेचार लाख, बसून बोलू.' तात्यांनी शेवटी स्वतःचं एक वाक्य घातलं, 'डांबरावर फोर बाय फोर टाकू नये.'

मे महिन्यात दोन फोन आले. एकानं विचारलं, थार आहे का? दुसरा महाबळेश्वरच्या बाजूचा स्ट्रॉबेरीवाला शेतकरी होता, तो येऊन खाली वाकून बघून गेला, चाकं हलवून बघितली, तारा कशाला काढलाय म्हणाला. चारला मागतोय. तात्या साडेचारवर अडून आहेत. पाऊस लागायच्या आत ठरलं तर बरं, बॅटरी उतरलीय आणि सध्या ढकलून चालू करावी लागते.